फोदे तांबुराचा जोहार

फोदे तांबुरा हा माणूस अंबडला कधी आला नाही आणि येणारही नव्हता. तरी त्याच्या नावानं अंबडच्या वाचनालयानं सभा भरवली, सतरंज्या अंथरल्या, गुलाबपाणी शिंपडलं आणि त्या सभेत माझ्या बापाला जोहार घालायला उभं केलं. तेव्हा माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. शांतपणे सांग म्हणाल तर जमणार नाही.

आधी तांबुराचं सांगतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीकाठचा हा कवी. जात भाटाची. हो, जातच म्हणतो मी, तिकडेही ती आहे. दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या पिढ्यांची नावं गायची आणि मिळेल ते घेऊन घरी यायचं, हा घराण्याचा धंदा. मेल्यावर या लोकांना मातीत पुरायचं नाही, कारण यांचं अंग मातीला लागलं तर पाऊस रुसतो म्हणे. मग गोरखचिंचेच्या पोकळ बुंध्यात टाकून द्यायचं. तांबुरा पोरवयात बोटीच्या तळात बसून फ्रान्सला गेला, बंदरावर पोती वाहिली, रात्रशाळेत शिकला आणि फ्रेंचांना त्यांच्याच भाषेत शिव्या देणाऱ्या कविता लिहून पॅरिसात मोठा झाला. मोठा झाल्यावर तिथल्या श्रीमंत बायांनी त्याला दिवाणखान्यात बोलावलं. येताना ढोल आणा, तुमच्याकडचा तो पिसांचा पोशाख घाला, असा निरोप. हा पठ्ठ्या ढोल घेऊन गेला, पण सुटाबुटात. ढोल आडवा टाकला, त्याच्यावर बसून कविता वाचली आणि उठून घरी आला.

पुढे त्याचा देश स्वतंत्र झाला म्हणून मोठ्या आशेनं परत गेला. तिथं मंत्री झालेला जुना सरदार म्हणाला, बरं झालं आलास, आमचं घराणं गा. तांबुरा पुन्हा बोटीत बसला. सगळं आयुष्य असंच गेलं. तिकडं ढोल मागायचे, इकडं वंशावळ. कविता कुणालाच नको होती.

त्याच्या कवितांचा इंग्रजी तर्जुमा मला औरंगाबादला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला. मी अंबडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. दुष्काळ नुकताच सरला होता, पोरं पुन्हा वर्गात दिसायला लागली होती. शाळा सुटली की मी त्या कविता मराठीत आणायला बसायचो, आणि रविवारी वडीगोद्रीच्या पुढे आमच्या गावी गेलो की भीमनगरात अंगणात बसून आबांना वाचून दाखवायचो. आबा म्हणजे माझा बाप, तातेराव मघाडे. एक अक्षर वाचता येत नाही, पण कान असा की एक शब्द गाळला तरी विचारतील.

"हे तांबोरे कुठले रे?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"तांबुरा, आबा. आफ्रिकेतला आहे."

"आपल्यातलेच दिसून राह्यलेत." गोरखचिंचेचं ऐकल्यावर मात्र त्यांनी अंगणातली चिमूटभर माती बोटांत चोळली. मग म्हणाले, "आपला मसणवटा येगळा व्हता, पण माती तरी व्हती."

तेव्हापासून आमच्या घरात तांबुरा हा तांबोरे झाला. माय विचारायची, "आज तांबोऱ्याचं काय वाचलं?" जणू मंठ्याकडचा कुणी पाहुणाच.

घोडं अडलं एका कवितेत. कवीचा आजोबा सरदाराच्या दारात जातो आणि त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पडत्या माणसाचा नमस्कार घालतो. इंग्रजीवाल्यानं तिथं साधा नमस्कार घालून हात झटकले होते. पण तो नमस्कार नव्हे. नमस्काराला उलट नमस्कार असतो. ज्याला उत्तर द्यायचं नसतं, देणं कमीपणाचं मानतात, असा शब्द मला पाहिजे होता, आणि तो आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेला होता. जोहार. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे तो कुणी उच्चारला नव्हता. लहानपणी खेळताना एकदा माझ्या तोंडून निघाला, तर मायनं भाकरी थापायच्या हातानं अशी मुस्कटात दिली की गालावर पीठ आणि बोटं दोन्ही उमटली. मी आठ दिवस दुसरा शब्द शोधला. मिळाला नाही. मग लिहिला: 'जोहार, मायबाप.' लिहायलाच पाहिजे होता. कागदावर लिहिणं वेगळं आणि कुणाच्या तोंडी घालणं वेगळं, एवढा फरक माणसाला कळतो असं मला वाटायचं.

अण्णासाहेबांना तो कळला नाही. अण्णासाहेब आमच्याच गावचे मोठे जमीनदार. अंबडला बंगला, वाचनालयाचे अध्यक्ष, साहित्याचे शौकीन. त्यांच्या घराण्याची येसकरकी पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे होती. म्हणजे काठी आपटत गावभर निरोप सांगायचे आणि संध्याकाळी त्यांच्या मागच्या दाराशी भाकर मागायची. ते सगळं सुटलं होतं. अण्णासाहेब मला 'आमचा वसंता' म्हणून चारचौघांत मिरवायचे, पुस्तक छापायचं त्यांनी कबूल केलं होतं, म्हणून वही त्यांच्याकडे वाचायला दिली. त्यांना पॅरिसच्या बायांचा भयंकर राग आला. "काय माणसं म्हणायची ही! कवीला ढोल घेऊन ये म्हणतात!" त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. आणि पान उलटून जोहारापाशी आले तशी कळी खुलली.

"व्वा! काय शब्द टाकलास, वसंता! किती वर्षांनी वाचला. आम्ही लहान होतो तेव्हा सकाळी तुझ्या बापाचा जोहार ऐकूनच डोळे उघडायचे. काय गोडवा होता रे त्या आवाजात!"

 पुढं त्यांना कल्पना सुचली. वाचनालयाच्या वार्षिक सभेत ही कविता मी वाचायची, आणि ती ओळ आली की तात्यानं, म्हणजे माझ्या बापानं, घोंगडी पांघरून, घुंगराची काठी घेऊन रंगमंचावर यायचं आणि जोहार घालायचा. "जिवंत होईल बघ कविता!"

"नाही," मी म्हणालो.

"अरे, कलेसाठी आहे."

"कविता मी वाचीन. माझा बाप येणार नाही."

"बरं बाबा, राहिलं," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. त्यांना बंगल्याच्या ओसरीवर आणि मला जोत्यावर. पॅरिसच्या बायांवरचा त्यांचा राग अजून चालूच होता.

सभेच्या दिवशी शाळेच्या सभागृहात पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या. पहिल्या खुर्चीवर अण्णासाहेबांच्या आई सगुणाबाई. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या, पण दीप लावायला त्यांनाच आणलं होतं. मी वही घ्यायला रंगमंचामागच्या वर्गात गेलो, आणि पाहतो तर बाकावर आबा. खांद्यावर काळी घोंगडी, डोक्याला मळकं मुंडासं, हातात ती काठी. बाजूला अण्णासाहेबांचा गडी कडूबा, तो सकाळच्या एसटीनं त्यांना घेऊन आला होता. ती काठी अण्णासाहेबांच्या माळ्यावर इतकी वर्षं जपून ठेवलेली होती. घुंगरं घासूनपुसून लख्ख केली होती.

"आबा, हे काढा. आधी काढा म्हणतो ना."

"वरडू नको. लोक ऐकत्यात."

"ऐकू द्या! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मालकानं निरोप धाडल्ता. तू आलास तर पुस्तक निघंल म्हणले." मग आवाज खाली आणून, जरा लाजल्यासारखे होऊन म्हणाले, "त्यात माझंबी नाव येतंय ना? तुझ्या नावाच्या मधी?"

वसंता तातेराव मघाडे. माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या जगात बापाचं नाव पोराच्या नावात येतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या बापाला त्या मधल्या शब्दासाठी मुंडासं बांधावं लागलं. मला त्या क्षणी अण्णासाहेबांचा गळा धरावासा वाटला, आणि खोटं कशाला बोलू, आबांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"पुस्तक गेलं खड्ड्यात. चला घरी."

"एका शब्दानं काय व्हतंय? जल्मभर म्हणलो तवा मेलो न्हाई. जा, तुला बलावून राह्यलेत."

खरंच बाहेर माझं नाव पुकारत होते. मी मनाशी ठरवलं, ती ओळच वाचायची नाही. ओळ नाही तर खूण नाही, खूण नाही तर बाप येणार नाही. उभा राहिलो आणि वाचायला लागलो:

"माझा आजोबा दारात उभा राहिला,
पायरीच्या खाली, सावली आखडून."

पुढची ओळ गिळून मी त्याच्या पुढची वाचणार तोच अण्णासाहेबांनी पडद्याकडे बघून हात वर केला. त्यांना माझी खूण लागतच नव्हती. घुंगरं वाजली. आबा वाकून पुढं आले, काठी आपटली आणि म्हणाले तो शब्द. इतक्या घाईनं म्हणाले की निम्मा गिळल्यासारखा वाटला. पण आवाज तोच, गावाच्या या टोकाचा त्या टोकाला जाणारा.

 आणि पहिल्या खुर्चीवरून सगुणाबाईंचा आवाज आला, घरात बसल्यासारखा, सहज.

"कोण, तात्या का? पुढल्या दारानं येऊ नको, लेकरं जेवून राह्यलेत. मागच्या दारी जा. भाकर ठेवलीय."

त्या म्हातारीची थट्टा करायची नाही मला. ती नाटक करत नव्हती. तिला रंगमंच दिसतच नव्हता, तिनं फक्त आवाज ऐकला आणि पन्नास वर्षं दिलेलं उत्तर दिलं. पण माझा बाप! माझ्या बापाला तर सगळं दिसत होतं. त्यानं "जी, आईसाहेब" म्हणून मान वाकवली आणि वळून मागच्या दाराकडे चालायला लागला. काठी वाजवत, भिंतीच्या कडेकडेनं, कुणाला अंग लागू नये असा.

आणि टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. पुढच्या रांगेतले वकील, मास्तर, आडते, सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. "काय जिवंत अभिनय!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. अण्णासाहेब रुमालानं डोळे पुसत होते. मागच्या सतरंजीवर आमची काही पोरं बसली होती, तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी वही बगलेत मारली, उडी टाकून मागच्या दारापाशी आबांना गाठलं आणि दंड धरला. "इकडून नाही. पुढून." ते म्हणत होते, अरे माणसं बसल्यात. मी त्यांना खुर्च्यांच्या मधून, सगुणाबाईंच्या पुढून ओढत पुढच्या दारानं बाहेर काढलं. लोक आम्हाला वाट देत होते आणि टाळ्या वाजवतच होते. त्या टाळ्यांएवढा राग मला आयुष्यात कशाचा आला नाही. कुणी दगड मारले असते तर बरं झालं असतं, निदान उलटून मारता आले असते.

एसटीत आबा खिडकीला बसले. एकदाच बोलले. "म्हातारीला दिसत न्हाई, पण आवाज वळखला बघ." मी तोंड उघडलं असतं तर वाईट बोललो असतो.

घरी मायला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. आबांच्या हातातली काठी घेतली, घुंगरं विळ्यानं कापून बाजूला ठेवली आणि काठी चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेबांची जीप भीमनगराच्या तोंडाशी थांबली. गल्लीत जीप शिरत नाही, म्हणून साहेब धोतराचा सोगा सावरत चालत आले. गल्लीतले लोक दारादारांत उभे राहिले. चेहरा एवढा खूश की काल घडलं ते मीच स्वप्नात पाहिलं की काय असं वाटावं.

"वसंता, गाजवलंस! जालन्याहून निरोप आलाय, तिथंही करा म्हणतात. आणि आई! आईंनी तर कमाल केली. तिलाही नेऊ. वही दे, आजच छापखान्यात टाकतो. आणि ती काठी द्या, पुढच्या वेळी लागेल."

मी तोंड उघडायच्या आत माय पुढं झाली. कौसल्याबाई मघाडे, अंगानं काटकुळी, पण जीभ नऊवारी.

"थांबा तिथंच," ती म्हणाली. "दाराशीच थांबा. लेकरं जेवून राह्यलेत."

 वाटलं, आता बसली चपराक. आणि काय सांगू, अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला! "हो हो, इथंच बरंय की," असं म्हणून ते उलट एक पाऊल मागं सरकले. त्यांना तो अपमान वाटलाच नाही. आमच्या घरात शिरावं लागू नये अशी आम्हीच त्यांची सोय केली, असं त्यांना वाटलं. मायचं तोंड लाल झालं. पण ती बाई माझ्यासारखी नाही, तिला दुसरा दगड लगेच सापडतो.

"न्हाई न्हाई, चुकलं माझं. आत या, अण्णासाहेब. बसा." तिनं घोंगडी झटकली, तीच कालची, आणि अंथरली. घरातला चांगला पितळी पेला घासून पाणी आणलं. "पाणी घ्या. उन्हाचं चालत आलात."

"नको. आज चतुर्थी आहे. उपास."

"उपासाला पाणी चालतं."

"घसा धरलाय जरा."

"माठातलं न्हाई, कोमट हाय. काठीवर तापवलंय, तुमच्याच. चुलीत घातली म्या. घुंगरं ठेवलीत काढून, जाताना न्या." गल्लीत कुणीतरी खुदकन हसलं. माय हसली नाही. "पोराचं पुस्तक पाहिजे ना तुमाला? पाणी प्या, मंग न्या पुस्तक."

वही माझ्या हातात होती. तीन वर्षांचं काम. छापणारा दुसरा कुणी मला माहीत नव्हता, आणि आबा कोपऱ्यातून माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होते. अण्णासाहेबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच पेला हातात घेतला. पाण्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. चांगला माणूस होता हो तो, पॅरिसच्या बायांवर रडलेला माणूस. एक घोट होता फक्त. त्यांनी पेला अलगद उंबऱ्यावर ठेवला, जसा काही तो तिथंच ठेवायचा असतो, आणि म्हणाले, "पुस्तकाचं बघू मग पुढं."

"बघायचं काही नाही," मी म्हणालो. "वही मिळणार नाही. जालन्याला तुमच्या आईंनाच न्या, आणि जोहार तुम्ही घाला."

ते गेले. घुंगरं तिथंच राहिली. जीपचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला. मग आबा उठले, उंबऱ्यावरचा पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला.

"पाणी वाया कशाला घालवायचं?" ते म्हणाले. मग उन्हात पाय पसरून बसले. "तांबोऱ्याचं पुढं वाच. काल अर्धंच राह्यलं. म्हातारा जोहार घालतो, मंग पुढं?"

"आबा, आता राहू द्या."

"वाच म्हणतो ना."

मी वाचलं. कवितेत सरदार आत जेवत होता, जोहार ऐकून त्याचा घास थांबला नाही. आजोबा दारात उभा राहून सरदाराच्या पिढ्या गायला. पहिला राजा, दुसरा, तिसरा, चौथा, सहावा, सातवा. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उरलंसुरलं फडक्यात बांधून तो घरी आला आणि नातवाच्या कानाशी लागून म्हणाला:

"पाचवा मी गायलाच नाही.
आज मी त्यांचा एक राजा मारला."

आबा आधी थांबले, मग पोट धरून हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला. "मारला! अरं तिच्या मारी, तांबोरे!" डोळे पुसत ते मायकडे वळले. "आमचा बा बी तसलाच व्हता. त्यानं मला जोहार शिकवलाच न्हाई कधी."

"मंग जल्मभर काय म्हणत आलात?" माय फणकारली.

"जा, हार," आबा म्हणाले. सावकाश, दोन शब्द सुटे करून. "जा, हार, मायबाप. जल्दी म्हणलं की बिलकुल उमगत न्हाई कुणाला. बानं म्हणून घेतलं व्हतं माझ्याकडून, रोज, नदीवर नेऊन. कालबी तेच म्हणलो, तुझ्या त्या सभेत. बराबर म्हणलो."

मी टाळीच दिली. सगळी अंबडची सभा माझ्या डोळ्यांपुढं आली, वकील, मास्तर, आडते, सगळे उभे राहून टाळ्या वाजवणारे, आणि माझा बाप त्यांच्या तोंडावर हरण्याचा शाप देतोय, जा, हार! मी हसत होतो, माय पदर तोंडाला लावून हसत होती. वहीतला तो शब्द खोडून मी तिथंच नवा लिहायला घेतला.

मग लक्षात आलं की आबा हसायचे थांबलेत. ते उन्हात पसरलेल्या आपल्या पायांकडे बघत होते, भेगा पडलेल्या, पुढच्या दारातून ओढत आणावे लागलेल्या.

"तोंडाला शिकवल्तं बानं," ते म्हणाले. "पायाला शिकवायचं राह्यलं."